गुर्लहोसूरचे अण्णासाहेब आणि त्यांची माणसे

आपल्या सीमाभागात मराठी कार्यक्रम म्हटला की नाट्यगीत आलेच. गणेशोत्सव असो, कोजागिरी असो किंवा कोणाची एकसष्टी असो, पेटी-तबला जुळला की कोणीतरी ‘सौभद्र’मधले एखादे पद सुरू करतो आणि ज्येष्ठ मंडळी माना डोलवू लागतात. पण ही पदे ज्यांनी लिहिली ते गृहस्थ आपल्याच बेळगाव जिल्ह्यातले, सौंदत्तीजवळच्या गुर्लहोसूरचे, हे आपल्या मुला-नातवंडांना क्वचितच ठाऊक असते. किर्लोस्कर हे नाव घेतले की त्यांना पंप आणि इंजिने आठवतात. त्यात त्यांची चूक नाही. आपणच त्यांना सांगितलेले नाही. म्हणून मंडळाच्या संकेतस्थळासाठी हा लेख लिहायला घेतला.

माझे सारे आयुष्य बँकेत गेले. नाट्यशास्त्राचा किंवा संगीताचा माझा अभ्यास नाही. मी ऐकणाऱ्यांपैकी आहे. पण संस्था कशा उभ्या राहतात आणि कशा बसतात, हे कर्जाच्या फायली पाहता पाहता बरेच पाहिले. त्या सवयीने मी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या आयुष्यातल्या तारखा एकाखाली एक लिहून काढल्या. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी त्यांचे पहिले संगीत नाटक रंगभूमीवर आले आणि २ नोव्हेंबर १८८५ रोजी ते गेले. म्हणजे संगीत नाटकाच्या व्यवसायात त्यांना मिळाली फक्त ५ वर्षे आणि २ दिवस. तेवढ्यात नाटके झाली तीन, त्यातले तिसरे अपुरे राहिले. ज्या मंडळीचा लेखक, मालक, शिक्षक आणि सूत्रधार एकच माणूस आहे, तो ऐन भरात गेला तर ती मंडळी वर्षभरात मोडायला हवी. कोणत्याही बँकेच्या अधिकाऱ्याने तसाच शेरा मारला असता. प्रत्यक्षात ती मोडली नाही, उलट वाढली. असे का झाले, ते त्यांच्या चरित्रातून समजते.

जन्म आणि जडणघडण

अण्णासाहेबांचे पूर्ण नाव बळवंत पांडुरंग किर्लोस्कर. जन्म ३१ मार्च १८४३, गुर्लहोसूर. आडनाव कोकणातले, पण घराणे इकडे कर्नाटकात स्थिरावलेले. पुढे उद्योगपती म्हणून नावारूपाला आलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली याच गुर्लहोसूरला जन्मले. एका लहानशा गावाने नाट्यसंगीताचा आणि मराठी कारखानदारीचा असे दोन प्रवर्तक द्यावेत, हा योग विरळाच.

घरात मराठी आणि गावात कानडी, अशा वातावरणात अण्णासाहेब वाढले. लहानपणी ते मराठीबरोबर कानडीही शिकले. पुढे शिक्षणासाठी कोल्हापूर, धारवाड आणि शेवटी पुणे असा प्रवास झाला. आपल्याकडच्या मुलांना ही वाट आजही परकी वाटणार नाही. या दोन भाषांच्या शेजाराचा त्यांना पुढे फार उपयोग झाला. त्यांच्या कानावर कीर्तनातल्या साक्या-दिंड्या होत्या, बायकांची गाणी होती, लावण्या होत्या, उत्तरेकडचे राग होते आणि कर्नाटकी चालीही होत्या. पुढे पदे रचताना त्यांनी यातले काहीच वर्ज्य मानले नाही.

पुण्याला पाठवले होते अभ्यासासाठी, पण तिथे नाटकाचा नाद लागला आणि अभ्यास मागे पडला. नाटक मंडळ्यांना ते पदे रचून देऊ लागले. भारतशास्त्रोत्तेजक मंडळी अशा भारदस्त नावाची एक मंडळीही त्यांनी तरुणपणी काढून पाहिली. तो उद्योग फार चालला नाही. घरच्यांच्या दृष्टीने मुलगा वाया चालला होता. शेवटी नोकरी धरणे आले. त्यांनी बेळगावात शिक्षकाचे काम केले आणि पुढे रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत कारकुनी पत्करली. मधल्या काळात, १८७३ साली, आद्य शंकराचार्यांच्या जीवनावरचे ‘शांकरदिग्जय’ हे गद्य नाटक त्यांनी लिहिले. म्हणजे नाद सुटला नव्हता. तो पगाराच्या सोबतीने चालू होता इतकेच.

बेळगावातल्या शिक्षकीने मात्र त्यांना एक मोठी गोष्ट दिली. सांगलीजवळच्या हरिपूरचा गोविंद बल्लाळ देवल नावाचा मुलगा तेव्हा बेळगावात शिकत होता. तो अण्णासाहेबांचा विद्यार्थी झाला आणि जन्मभर त्यांचा शिष्य राहिला. हेच पुढे ‘शारदा’ लिहिणारे नाटककार देवल. मराठी रंगभूमीवरची ही मोठी गुरुशिष्याची जोडी आपल्या बेळगावात जमली, हे आपण अभिमानाने सांगायला हवे.

त्या वेळचे नाटक

अण्णासाहेबांनी नेमके काय बदलले हे कळण्यासाठी त्यांच्या आधीचे नाटक कसे होते ते पाहावे लागेल. योगायोग असा की त्यांच्या जन्माच्याच वर्षी, ५ नोव्हेंबर १८४३ रोजी, सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग केला. तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. त्या नाटकामागेही कर्नाटकच होते. उत्तर कानडा भागातली भागवत मंडळी सांगलीला खेळ करून गेली होती. ते पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी तसे काही मराठीत करण्यास भाव्यांना सांगितले.

भाव्यांच्या पद्धतीच्या नाटकात सगळा भार सूत्रधारावर असे. तो आणि त्याचे साथीदार रंगमंचावर पहिल्यापासून शेवटपर्यंत उभे. कथा सांगायची त्याने, पदे म्हणायची त्याने, पुढे कोण येणार ते सांगायचे त्याने. पात्रे यायची, सूत्रधाराचे पद संपेपर्यंत हावभाव करायची आणि मग ऐन वेळी सुचेल तसे भाषण करायची. राक्षस आरडाओरडा करत, तलवार फिरवत यायचे. लोकांना ते आवडे. पण सूत्रधाराचा घसा बसला की नाटक बसले, अशी अवस्था होती. सीतेचे दुःखही सूत्रधारच गाणार आणि रावणाचा गर्वही तोच गाणार.

१८६० नंतर शाळा-कॉलेजात शिकलेली पिढी पुढे आली. तिने लिहून काढलेली गद्य नाटके सुरू केली. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ सालचे. या नाटकांत संवाद नेटके आले, पण गाणे गेले. आपल्या लोकांना कथा ऐकायची सवय कीर्तनातून लागलेली. गाण्यावाचून त्यांना नाटक अळणी वाटे. एकीकडे गाणे होते पण पात्रे मुकी, दुसरीकडे पात्रे बोलत होती पण गाणे नव्हते. पात्रांनी स्वतः गावे असा प्रयत्न सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनी ‘नल-दमयंती’त अण्णासाहेबांच्या आदल्याच वर्षी, १८७९ मध्ये, करून पाहिला होता. त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण लोकांच्या मनात ती गोष्ट रुजवली अण्णासाहेबांनी.

‘शाकुंतल’ची उभारणी

१८८० साली अण्णासाहेब पुण्यात कचेरीत नोकरीला होते. वय ३७. त्या काळी पारशी नाटक कंपन्या गावोगाव खेळ करत. पुण्यातला त्यांचा ‘इंद्रसभा’चा खेळ पाहून, असे आपल्या भाषेत का होऊ नये, हा विचार त्यांच्या मनाने घेतला असे सांगतात. युरोपातल्या ऑपेराचे नाव शिकलेल्या लोकांच्या कानावर होते. पण ऑपेरात बहुतेक संवादही गाऊनच म्हणतात. अण्णासाहेबांनी तसे केले नाही. बोलण्याच्या जागी बोलणे ठेवले आणि मन भरून आले की त्याच पात्राने गावे अशी योजना केली. गोष्ट निवडली ती कालिदासाची. ‘शाकुंतल’ सुशिक्षितांना माहीत होते आणि शकुंतलेचे दुःख सगळ्यांनाच कळणारे होते.

पदे किती? दोनशेच्या आसपास. आजच्या तीन तासांच्या हिशेबाने हा आकडा अचाट वाटतो, पण तेव्हा नाटक रात्र रात्र चाले. बहुतेक पदे माहितीच्या चालींवर बांधलेली होती. अण्णासाहेबांना चाल आधी सुचे आणि तिच्यात शब्द सहज बसत. त्यामुळे पद पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही ते ओळखीचे वाटे आणि घरी जाताना त्याच्या ओठांवर येई. साधी भाषा आणि ओळखीची चाल, हे त्यांचे मोठे भांडवल होते.

आता प्रश्न होता गाणाऱ्यांचा. पात्राने गायचे ठरवले की प्रत्येक मुख्य पात्राला गळा हवा, आणि शिवाय बोलता व वावरता यायला हवे. बायकांनी रंगभूमीवर येण्याचा काळ अजून दूर होता, म्हणून स्त्रीभूमिकेलाही पुरुषच हवा. अशी माणसे तयार मिळत नव्हती. अण्णासाहेबांनी ती शोधली. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत झाले. बाळकोबा नाटेकर गाण्यात तयार होते. त्यांच्याकडे कण्वाची भूमिका आली. शंकरराव मुजुमदार शकुंतला झाले. स्वतः अण्णासाहेब सूत्रधार म्हणून उभे राहिले. तालमी घेण्यात देवलांची मदत पुढे फार झाली.

इथे क्षणभर थांबून एक गोष्ट पाहू. जुन्या नाटकात सूत्रधार म्हणजे सर्वेसर्वा. अण्णासाहेब स्वतः सूत्रधाराचे काम करत होते, पदे त्यांनी स्वतः लिहिलेली होती, चाली त्यांच्या मनातल्या होत्या. ती सगळी स्वतःच गाण्याची परंपरा आणि सोय दोन्ही त्यांच्या हाताशी होत्या. त्यांनी ती वाटून टाकली. नांदी झाली, प्रस्तावना झाली की सूत्रधार आत गेला आणि ज्याचे सुख-दुःख त्याच्या तोंडी त्याचे गाणे राहिले. मराठी संगीत नाटकाचा जन्म या वाटपात आहे असे मला वाटते. आणि पुढे मंडळी का टिकली याचे उत्तरही मला इथेच सापडते.

३१ ऑक्टोबर १८८०, रविवार, दिवाळीचे दिवस. पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. कालिदासाचे नाटक सात अंकांचे, पण त्या रात्री झाले चारच अंक. पुढचे तयार व्हायचे होते. आपल्यासारख्याने सगळे पूर्ण होईपर्यंत थांबा असे सांगितले असते. अण्णासाहेब थांबले नाहीत. जेवढे बसले होते तेवढे त्यांनी लोकांपुढे ठेवले, आणि चौथा अंक म्हणजे शकुंतला सासरी निघते तो प्रसंग. लेकीची पाठवणी केलेल्या प्रत्येक बापाला कण्वाचे दुःख समजले असणार. प्रयोग गाजला. यथावकाश सातही अंक रंगभूमीवर आले आणि किर्लोस्कर नाटक मंडळी उभी राहिली.

नोकरी आणि नाटक

नोकरदार माणसाला हा भाग जास्त जवळचा वाटेल. सरकारी नोकरी म्हणजे त्या काळी घरची प्रतिष्ठा आणि महिन्याची खात्री. नाटकवाल्यांना समाजात मान नव्हता. घरंदाज मुलाने नाटकात जाणे म्हणजे नाव घालवणे असे समजत. अण्णासाहेब विशीतले पोरगे नव्हते. संसारी होते, चाळिशीकडे झुकले होते आणि तरुणपणी एकदा मंडळी काढून हात पोळून घेतलेले होते. तरीही त्यांनी कचेरी सोडून पूर्ण वेळ नाटकाला वाहून घेतले.

नाटक मंडळी चालवणे म्हणजे नुसती पदे रचणे नव्हे. माणसांची खोगीरभरती नसली तरी नट, साथीदार, कपडेपट सांभाळणारे, पडदेवाले, आचारी असा सगळा गोतावळा एका बिऱ्हाडात राहायचा. गाव बदलले की सामानासकट सगळे निघायचे. पाऊस आला, साथ आली, एखाद्या नटाचा आवाज गेला की उत्पन्न बंद, पण चूल चालूच ठेवावी लागे. असा खर्च खात्रीच्या उत्पन्नाशिवाय उचलणाऱ्याला आमच्या भाषेत फार मोठी जोखीम घेतली असे म्हणतात. त्यात अण्णासाहेबांनी शिस्त आणि सभ्यता यांचा आग्रह धरला. शिकलेली माणसे मंडळीत आणली. त्यामुळे नाटकाकडे पाहण्याची लोकांची नजर बदलू लागली. कुटुंबासह नाटकाला जाणे ही लाजेची गोष्ट राहिली नाही.

बडोद्याचा कारकून

१८८२ साली मंडळीत एक तरुण आला आणि तिचे नशीब पालटले. नाव लक्ष्मण बापूजी कोल्हटकर. लोक त्यांना भाऊराव म्हणत. जन्म १८६३ चा, बडोद्याचा. तिथे पोलीस खात्याच्या कचेरीत कारकुनी करत होते. रूप देखणे, आणि गळा असा की ज्यांनी ऐकला ते म्हातारपणापर्यंत त्याच्याच आठवणी काढत बसले. एका कारकुनाने दुसऱ्या कारकुनाला ओळखले म्हणायचे. अण्णासाहेबांनी त्यांना मंडळीत आणले आणि शकुंतलेची भूमिका दिली.

ही भूमिका आतापर्यंत शंकरराव मुजुमदारांची होती. नवा माणूस आला की जुन्याचे काम जाते, तेव्हा बहुतेक मंडळ्यांत फूट पडते. इथे तसे झाले नाही. मुजुमदार मंडळीतच राहिले, पुढे त्यांनी तिचा कारभार वर्षानुवर्षे सांभाळला, ‘रंगभूमी’ नावाचे मासिक चालवले आणि अण्णासाहेबांचे चरित्रही त्यांनीच लिहिले. पहिली शकुंतला झालेल्या नटाने आपल्या गुरूचे चरित्र लिहावे, यात अण्णासाहेबांनी माणसे कशी सांभाळली असतील ते दिसते.

‘सौभद्र’

भाऊरावांचा गळा हाताशी आल्यावर अण्णासाहेबांनी दुसरे नाटक घेतले. या वेळी आधार घ्यायला कालिदास नव्हता. गोष्ट महाभारतातली, पण नाटक स्वतःचे. सुभद्रेचे मन अर्जुनावर, बलरामाने तिचे लग्न ठरवले दुर्योधनाशी, आणि श्रीकृष्ण दोघांच्या मधे बसून हसत हसत सगळ्या सोंगट्या हलवतो आहे. अर्जुन संन्याशाचा वेष घेऊन वाड्यात येतो आणि बलरामच त्याच्या सेवेला सुभद्रेला पाठवतो. ही माणसे नावाने यादव आहेत, पण वागतात-बोलतात आपल्या घरातल्यासारखी. तापट पण मनाने सरळ असलेला मोठा भाऊ, सगळे ओळखून गप्प राहणारा धाकटा, रुसलेली बहीण, समजूत काढणारी भावजय. म्हणून ते आजही जुने वाटत नाही.

१८ नोव्हेंबर १८८२ रोजी ‘सौभद्र’ पहिल्यांदा झाले. पुन्हा तोच प्रकार: पाच अंकांपैकी तीनच अंक. पूर्ण नाटक १८८३ च्या मार्च महिन्यात आले. भाऊरावांची सुभद्रा आणि मोरोबांचा अर्जुन यांनी महाराष्ट्राला वेड लावले. सारंगी आणि तबल्याच्या साथीवर रात्रभर गाणे चाले आणि एकेका पदाला पुन्हा पुन्हा मागणी होई. पण गाणे कितीही रंगले तरी गोष्ट पुढे सरकली पाहिजे यावर अण्णासाहेबांचे लक्ष असे. त्यांच्या हयातीत पद हे नाटकासाठी होते. पुढच्या काळात एकेक पद अर्धा अर्धा तास रंगू लागले आणि नाटक वाट पाहत उभे राहिले, त्याचा दोष त्यांच्याकडे जात नाही.

‘सौभद्र’ची खरी ताकद अशी की ते कोणालाही करता येते. मोठा गवई मिळाला तर त्याचे सोने होते, आणि हौशी मंडळींनी केले तरी ते हसवते, गुंतवते. सव्वाशेहून अधिक वर्षे ते चालू आहे. गोव्यात जत्रांमधून गावोगावचे हौशी कलाकार संगीत नाटके निष्ठेने करत आले आहेत, त्यात ‘सौभद्र’चे स्थान मोठे आहे.

अपुरे राहिलेले नाटक

तिसरे नाटक ‘रामराज्यवियोग’. विषय रामाच्या वनवासाचा. ते १८८४ साली रंगभूमीवर आले. याही वेळी तीन अंक लिहून झाले होते, आणि याही वेळी उरलेले नंतर होतील अशीच सगळ्यांची समजूत असणार. दोनदा तसे झालेही होते. भाऊराव या नाटकात मंथरा झाले. कालपर्यंत शकुंतला आणि सुभद्रा म्हणून ज्याच्या रूपावर लोक लुब्ध होते, त्याने कुबडी दासी व्हायचे आणि तिच्या तोंडूनही मंडळी गाजवायची, हे धाडस गुरू आणि शिष्य दोघांचे.

या नाटकात कैकेयीची भूमिका एका कोवळ्या मुलाकडे होती. बडोदे संस्थानातल्या कठोर गावचा हा मुलगा म्हणजे भास्कर बखले. वय वाढले, आवाज फुटला आणि त्याची नाटकातली वाट संपली. मग तो गाणे शिकायला बाहेर पडला. बडोद्याला फैजमहंमद खाँ, पुढे नत्थन खाँ, अल्लादिया खाँ अशा उस्तादांकडे त्याने अनेक वर्षे विद्या घेतली आणि गायनाचार्य भास्करबुवा बखले म्हणून तो परत आला. धारवाडलाही त्यांनी गाणे शिकवले, पुण्यात भारत गायन समाज काढला आणि बालगंधर्वांना तालीम दिली.

‘रामराज्यवियोग’चे उरलेले अंक मात्र झाले नाहीत. प्रकृती खालावली आणि अण्णासाहेब गुर्लहोसूरला परतले. तिथेच २ नोव्हेंबर १८८५ रोजी त्यांचा अंत झाला. वय ४२. ते नाटक आजही तीन अंकांचेच आहे.

मला या अपुऱ्या नाटकाविषयी नेहमी दोन्ही बाजूंनी वाटते. अर्धवट काम लोकांपुढे ठेवू नये, ही आपली शिकवण. अण्णासाहेबांनी तिन्ही वेळा ती मोडली. पण समजा त्यांनी ‘शाकुंतल’चे सात अंक पूर्ण होईपर्यंत वाट पाहिली असती, ‘सौभद्र’चे पाच होईपर्यंत पुन्हा थांबले असते, तर त्या ५ वर्षांत काय झाले असते? कदाचित एकच नाटक. त्यांना आपल्या आयुष्याचा हिशेब ठाऊक नव्हता, कोणालाच नसतो. पण ते हातात आहे तेवढ्यावर सुरुवात करत गेले आणि म्हणून आपल्याकडे ‘सौभद्र’ आहे.

त्यांच्यानंतर

सुरुवातीचा प्रश्न असा होता की मंडळी मोडली का नाही. आता एकेका माणसाचे पाहू.

लेखक गेला, पण देवल होते. त्यांनी ‘मृच्छकटिक’ दिले, ‘शापसंभ्रम’ दिले आणि १८९९ साली ‘शारदा’ दिले. पैशासाठी कोवळ्या मुलीचे म्हाताऱ्याशी लग्न लावणाऱ्या समाजाला ‘शारदा’ने आरसा दाखवला. अण्णासाहेबांनी पुराणकथेला लावलेले गाणे त्यांच्या शिष्याने तेव्हाच्या चालत्या प्रश्नाला लावले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांसारखे नवे नाटककारही मंडळीकडे आले.

प्रमुख गायक नट होते भाऊराव. अण्णासाहेबांनंतर १५ वर्षे मंडळीचा भार त्यांनी गळ्यावर पेलला. वसंतसेना केली, वय झाल्यावर पुरुषभूमिका घेतल्या, ‘शारदा’त कोदंड केला. १९०१ साली तेही गेले, वयाच्या ३८ व्या वर्षी. मंडळीवरचा हा दुसरा मोठा आघात. तरी १९०५ साली मिरजेला नारायण श्रीपाद राजहंस नावाचा एक तरुण शकुंतला म्हणून उभा राहिला. तेच बालगंधर्व. त्यांची तालीम घ्यायला देवल होतेच. म्हणजे अण्णासाहेबांनी बेळगावच्या वर्गात जो मुलगा घडवला, त्याने पुढच्या पिढीची शकुंतला घडवली.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यानंतरही किर्लोस्कर मंडळीत गोव्याच्या मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर आले, आणि १९१८ साली त्यांनी बाहेर पडून बळवंत संगीत मंडळी उभारली. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मूळ शाखेतून नव्या शाखा निघत गेल्या. मराठी संगीत नाटकाच्या सुवर्णकाळातली मोठमोठी नावे घेतली, तर त्यांतल्या कितीतरी जणांचा पहिला किंवा महत्त्वाचा मुक्काम किर्लोस्कर मंडळीत पडलेला दिसतो. पुण्यात मंडळीचे स्वतःचे नाट्यगृहही झाले.

एका माणसाच्या गळ्यावर चालणारे नाटक अण्णासाहेबांनी अनेकांच्या गळ्यांवर सोपवले. तसेच एका माणसावर चालणारी मंडळी अनेकांच्या हाती सोपवली. लिहिणारा तयार केला, शिकवणारा तयार केला, गाणारा शोधला, कारभार पाहणारा जोडला. त्यामुळे ते गेल्यावर दुःख झाले, पण पडदा पडला नाही. आपल्यासारख्या, पुण्या-मुंबईपासून दूर राहून मराठी जपणाऱ्या मंडळांनी ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्याकडेही एखादा उत्साही कार्यवाह असतो. सभागृह त्याने ठरवायचे, वर्गणी त्याने गोळा करायची, सूत्रसंचालन त्यानेच करायचे. तो थकला की कार्यक्रम थांबतात. सूत्रधाराने आपली पदे वेळीच वाटून द्यायला हवीत.

शेवटी एक सूचना. ३१ मार्च हा अण्णासाहेबांचा जन्मदिवस. आम्हा बँकवाल्यांना तो वर्षअखेरीच्या हिशेबामुळे कधी साजरा करता आला नसता, पण आता आपल्यातले बरेच जण निवृत्त आहेत. त्या दिवशी मुलांना घेऊन ‘सौभद्र’मधला एखादा प्रवेश वाचावा. कृष्ण, बलराम, रुक्मिणी, सुभद्रा अशी कामे घरातल्या घरात वाटता येतात. गाता येत नसेल त्याने संवाद म्हणावेत. नाटक पूर्ण बसण्याची वाट पाहू नये. आणि सौंदत्तीच्या बाजूला जाणे झाले, तर गाडी गुर्लहोसूरला थोडी थांबवावी आणि मुलांना सांगावे, की मराठी संगीत नाटक सुरू करणारे बळवंत पांडुरंग किर्लोस्कर इथे जन्मले आणि इथेच गेले.